काळीची किल्ली का मिळणार नाही

तीर्थरूप मामा,

तुमच्या दोन्ही पायांवर डोकं ठेवून नमस्कार (सुजलेल्या गुडघ्याच्या बाजूला जरा हळूच ठेवलंय). मी इकडे ठणठणीत आहे आणि तुम्ही सगळे तिकडे ठणठणीत आहात असं धरून चालतो. मामींची दाढ काढली का? काढली असेल तर आता त्या दोन्ही बाजूंनी बोलू शकत असतील, तेव्हा काळजी तुमचीच वाटते. आईला सांगा की मी वेळेवर जेवतो. ती विचारेल, वेळेवर म्हणजे कधी, तर सांगा की भूक लागते तेव्हा. तुमच्या गुडघ्याला नेमकं काय झालं ते तुम्ही लिहिलं नाहीत, नुसतं "जरासं लागलं" लिहिलंत. घरबसल्या माणसाला गुडघ्याला लागतं कसं ते मला कळलं नाही, पण मोठ्यांना असले प्रश्न विचारू नयेत म्हणून विचारत नाही. फोन सोडून पत्र का लिहितोय ते तुम्हाला माहीत आहेच. फोनवर तुम्ही "बरं बरं" म्हणता आणि फोन मामींकडे देता, मामी तो आईकडे देतात, आई रडते, आणि माझं बोलायचं राहूनच जातं. पत्राचं बरं असतं, ते कुणाकडे देता येत नाही.

तर तुमचं पत्र पोचलं. पानभर तुम्ही छपराची गळती, शेजाऱ्याचं कुंपण आणि त्या कुंपणावरून झालेलं तुमचं भांडण लिहिलंत (भांडणात तुम्ही जिंकलात हे तुमच्या अक्षरावरूनच कळत होतं), आणि अगदी तळाशी, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखं, खरी बातमी लिहिलीत. धाकटीला दवाखान्यात काम लागलं, रक्त तपासायच्या खोलीत. सकाळी लवकर पोचायचं, संध्याकाळी अंधार पडल्यावर सुटायचं. आणि काळी तुमच्या पडवीत ताडपत्रीखाली नुसती उभी आहे, तर किल्ली पाठवून दे. मी पत्र उभ्याने वाचत होतो, तो बसलोच. धाकटीला तिच्या दादाचे आशीर्वाद सांगा. रक्त बघून चक्कर न येणारी आपल्या घरातली ती पहिलीच. मला तर कामावर सुई टोचली तरी मी आधी खुर्ची शोधतो आणि मग बोट बघतो.

पण किल्लीचं म्हणाल तर माझं उत्तर आहे: नाही.

आणि हे उत्तर मी तत्त्वाने देतोय, जिवावर येतंय म्हणून नाही, हे आधीच स्पष्ट केलेलं बरं. काळी ही नुसती मोटारसायकल नाही, ते तुम्हाला सांगायला नको. तिची सीट मी आयुष्यात शिवलेली पहिली सीट. तिचा फोटो बघूनच इथल्या मालकांनी मला सीटच्या कारखान्यात ठेवून घेतलं, नाहीतर सातवीत शाळेला रामराम ठोकलेल्या पोराला एवढ्या लांब कोण विचारतो? निघताना किल्ली गळ्यात घालून आलो ती अजून गळ्यातच आहे (अंघोळीला काढतो, साबण लागतो). पण ते सगळं बाजूला ठेवा. मुद्दा असा की जग धुराने भरत चाललंय. आमच्या पिढीतल्या प्रत्येकाच्या बुडाखाली इंजिन आलंय आणि पाय फक्त चपला घालायला उरलेत. अशा वेळी आपल्याच घरातल्या मुलीने रोज सकाळ-संध्याकाळ धूर सोडत जावं, हे माझ्या मनाला पटत नाही. तिने बसने जावं, सायकलने जावं. शिवाय तिचे पाय जमिनीला टेकत नाहीत. मी निघालो त्या दिवशी ती हट्टाने काळीवर चढून बसली होती, तुम्हीच हँडल धरलं होतंत, आणि तिचे पाय दोन बाजूंना वाळत घातलेल्या मोज्यांसारखे लोंबत होते. मी हसलो म्हणून ती मला सोडायला फाटकापर्यंतसुद्धा आली नाही. ज्या गाडीवरून पाय टेकत नाहीत ती गाडी आपली नव्हे, हे साधं गणित आहे.

आता तुम्ही म्हणाल, "वा भाचेबुवा! कालपर्यंत कोपऱ्यावर काडेपेटी आणायला मोटारसायकल काढत होतात, आज तत्त्वं कुठून उगवली?" तर मामा, तुमचं पत्र वाचल्यावर उगवली, मी लपवत नाही. पण तत्त्व उशिरा आलं म्हणून काही खोटं होत नाही. आणि मी नुसता उपदेश करणाऱ्यातला नाही. मी ठरवलं, आधी स्वतः बिनधुराचं राहून दाखवायचं आणि मगच धाकटीला सांगायचं. ते मी करून दाखवलं आहे, आणि अतिशय यशस्वीपणे करून दाखवलं आहे. त्याचीच हकीकत आता लिहितो, म्हणजे तुमची खात्री पटेल.

माझी खोली गावाच्या या टोकाला आणि कारखाना त्या टोकाला. इतके दिवस मी सायलेन्सरच्या मागे बसून जात होतो. सायलेन्सर म्हणजे आमच्याकडे रेक्झीन कापणारा माझ्या वयाचा गडी. त्याची मोटारसायकल येण्याआधी तिचा आवाज येतो आणि ती गेल्यावरही आवाज थोडा वेळ तिथेच रेंगाळतो, म्हणून हे नाव. त्याला मी सांगितलं की उद्यापासून मी धुरावर बसणार नाही. तो म्हणाला, "मग कशावर बसणार?" (आमच्या धंद्यात हा प्रश्न चेष्टेचा नसतो. आम्ही माणूस दिसला की आधी तो कशावर बसतो ते बघतो.) मी त्याला म्हटलं, लेका, तू समोरच्या टपरीवर चहाला जातोस तेसुद्धा गाडीने जातोस, तुला काय कळणार. तो म्हणाला, "गाडीने लवकर होतं." तिथेच पैज लागली. टपरी रस्त्याच्या पलीकडे, आणि मधे लांबलचक दुभाजक. मी चालत निघालो, दुभाजकावर पाय ठेवून पलीकडे उतरलो, चहा सांगितला, फुंकून फुंकून प्यायलो, कप खाली ठेवला, आणि तेव्हा कुठे चौकातून वळसा घालून सायलेन्सर कडकडाट करत आला. मी म्हटलं, "बघ, कोण आधी पोचलं?" तर तो आरशात बघून केस सारखे करत म्हणतो, "आधी पोचलास, पण आलास कसा ते बघ. आणि मी आलो कसा, ते बघ." मामा, आमच्या पिढीचं दुखणं हेच आहे. पोचायची घाई कुणालाच नाही, येताना दिसायचं आहे.

दुसरा एक आहे, माझ्या शेजारच्या मशिनवर बसतो, त्याला आम्ही चार्जर म्हणतो. त्याने बॅटरीची स्कूटर घेतली आहे आणि घेतल्यापासून तो आमच्याशी जरा वरच्या पायरीवरून बोलतो. धूर नाही, आवाज नाही, शांतपणे येतो आणि शांतपणे स्कूटर आत आणून आमच्या शिलाई मशिनच्या प्लगला लावतो. मी तत्त्वात शिरल्यापासून त्याने मला जवळ केलं. "आपण दोघं भविष्यातली माणसं," असं म्हणाला. त्याच दुपारी त्याच्या स्कूटरने आणि आमच्या मशिनांनी मिळून अशी काही वीज ओढली की फ्यूज उडाला आणि सगळा कारखाना गपगार झाला. माझ्या मशिनखाली एक सीट अर्धी शिवून अडकली होती. मालक केबिनमधून बाहेर आले, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेऊन स्कूटरकडे बघितलं आणि म्हणाले, "धूर नाही हे खरं आहे. पण कामही नाही." तेव्हापासून भविष्यातला माणूस मी एकटाच उरलो. चार्जर आता घरूनच चार्ज करून येतो आणि संध्याकाळी कधीकधी ढकलत नेतो.

मग मी सायकलकडे वळलो. कारखान्याच्या मागच्या भिंतीवर मालकांची तरुणपणची सायकल खिळ्याला टांगलेली होती. मालक म्हणाले, खुशाल ने, फक्त परत आणशील तेव्हा सायकलच आण, सुटे भाग नको. तेल पाजलं, हवा भरली, ब्रेक आवळले, सगळं झकास. पण तिची सीट बघितली आणि मला लाज वाटली. सरड्याच्या डोक्यासारखी, कडक आणि निमुळती. सीटच्या कारखान्यातला माणूस असल्या सीटवर बसून रस्त्याने जाणार? लोक काय म्हणतील? मी जेवणाच्या सुट्टीत कामाला लागलो. खाली घट्ट फोम, वर मऊ फोम, त्याच्या वर आणखी एक थर (पाठीमागे जरा उंचवटा, कंबरेला आधार म्हणून), वरून काळं रेक्झीन, कडेने लाल पायपिंग. मामा, काय सीट झाली होती म्हणून सांगू! सिंहासन म्हणा ना. सायलेन्सरने बसून पाहिलं, चार्जरने बसून पाहिलं, मालकांनी अंगठ्याने दाबून पाहिलं आणि मान डोलावली. मालक मान डोलावतात म्हणजे दुसऱ्या कारखान्यात हार घालतात तसं समजा.

आता यात चूक कुठे झाली ते तुमच्यासारख्या माणसाला लगेच कळलं असेल, आम्हाला कुणालाच कळलं नाही. कारण आमच्याकडे सीट तपासायची रीत ठरलेली आहे. गाडी स्टँडवर लावायची, वर बसायचं, थोडं पुढे-मागे सरकायचं, मांडीखाली कड टोचते का बघायचं आणि खाली उतरायचं. गाडी चालवून बघणं हे आमचं काम नाही, ते गिऱ्हाइकाचं. त्यामुळे संध्याकाळी मी स्टँड काढून, पायरीवरून टांग टाकून रस्त्याला लागलो तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की एवढ्या फोमवर बसल्यावर माझे पाय कशालाच पोचत नाहीत. पेडल वर आलं की मी त्याला चवड्याने लाथ मारायची आणि ते खाली गेलं की त्याची वाट बघायची. उतार होता म्हणून सायकल चालली, आणि छान चालली, त्याबद्दल तक्रार नाही. फक्त थांबता येत नव्हतं. ब्रेक दाबला की सायकल थांबते, पण मग पाय टेकावा लागतो, आणि जमीन माझ्यापासून बरीच खाली होती. पुढे चौकात लाल दिवा लागला. मी प्रसंगावधान राखून सिग्नलच्या खांबाला मिठी मारली.

दिवा हिरवा झाला, गाड्या गेल्या. मी तिथेच. परत लाल झाला, परत हिरवा झाला. मी खांबाला धरून, पाय अधांतरी, चेहरा शांत (अशा वेळी चेहरा शांत ठेवला की लोकांना वाटतं आपण मुद्दाम थांबलोय). वाहतुकीचा हवालदार आला. "काय रे, निघ की." मी म्हटलं, निघता येत नाही. "मग उतर." म्हटलं, उतरताही येत नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, सीटकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. "मग चढलास कसा?" म्हटलं, पायरीवरून. "मग आता पायरी आणू का इथे?" तेवढ्यात भाजीच्या पिशव्या घेऊन चाललेल्या एक आजीबाई थांबल्या, पिशव्या हवालदाराच्या हातात दिल्या, सायकल दोन्ही हातांनी धरली आणि मला म्हणाल्या, "घाबरू नको बाळा, सोड खांब." भर चौकात. मागे गाड्यांवर माझ्या वयाची पोरं बसलेली, सगळ्यांचे पाय व्यवस्थित जमिनीवर, आणि सगळी हसत होती. पाय लोंबत असताना खालून कुणी हसलं की कसं वाटतं, याचा माणसाने एकदा तरी अनुभव घ्यावा. मला तो मिळाला, त्याबद्दल मी समाधानी आहे. सायकल हे उत्तम वाहन आहे या मतावर मी ठाम आहे. चढताना एक पायरी आणि उतरताना एक आजीबाई, एवढी सोय असली की झालं.

सायकल भिंतीवर परत गेली (सिंहासन उतरवून ठेवलंय) आणि मी बस धरली. मामा, बससारखं वाहन नाही. दुसऱ्याने चालवायचं, आपण खिडकीतून बघायचं. पण मी जिथे बसलो त्याच्या शेजारची सीट मधोमध फाटलेली होती, आतला फोम आतड्यासारखा बाहेर आलेला, आणि लोक उभे राहत होते पण तिच्यावर बसत नव्हते. माझ्या पिशवीत वाकडी सुई आणि जाड दोरा कायम असतो. मला राहवेना. फोम आत ढकलला, कडा जुळवल्या आणि टाके घालायला बसलो. तोच कंडक्टर लोकांतून वाट काढत अंगावर आला, "ए, ए! सीट फाडतोस काय? तुमच्यासारख्या पोरांमुळेच बसची ही दशा आहे!" मी म्हटलं, फाडत नाही हो, शिवतोय. तो वाकला, टाके बघितले, बोटाने ओढून बघितले. मग हळूच म्हणाला, "दाराजवळची माझी पण उसवलीये, बघ की जरा." ती शिवली. मग ड्रायव्हरने आरशातून विचारलं, "आणि आमची काय सावत्र आहे का?" तोवर माझा थांबा कधीच मागे गेला होता. शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हरची सीट शिवली, मग डेपोत नेऊन त्यांनी मला चहा पाजला आणि आणखी एक बस दाखवली. कारखान्यात पोचलो तेव्हा जेवणाची सुट्टी संपत आली होती. मालकांनी विचारलं, कुठे होतास? म्हटलं, कामावरच होतो, फक्त दुसऱ्यांच्या.

त्याच बसमध्ये एक मुलगी होती, ती हकीकत सांगायची की नाही यावर मी बराच विचार केला. पण सुरू केलंय तर सांगतो. कॉलेजात शिकणारी, हातात फळी, फळीवर कागद, पेन्सिल कानावर. तरुण मुलं कशाने जातात-येतात, आणि का, याची पाहणी करत होती. मी टाके घालतोय हे बघून ती माझ्यासमोरच येऊन बसली. मी म्हटलं, विचारा, योग्य माणसाकडे आला आहात. आणि मी तिला धूर, इंजिन, चपला, दुभाजक, सगळं सांगितलं. ती भराभर लिहीत होती, मला बरं वाटत होतं. मग तिने विचारलं, घरात आणखी कोण कामाला जातं? म्हटलं, माझी धाकटी बहीण जाणार आहे, दवाखान्यात, आणि ती बसने जाणार, मीच तसं ठरवलंय. "छान. तिची संध्याकाळची बस किती वाजता असते?" मी म्हटलं, असतात बऱ्याच. "शेवटची?" म्हटलं, असेल उशिरापर्यंत. "थांब्यावर दिवा आहे का?" आता मामा, ही काय विचारायची गोष्ट झाली? पण मला खरंच आठवेना. थांबा आठवत होता, त्याच्यासमोरून मी काळीवरून किती वेळा गेलोय. पण त्या थांब्यावर मी कधी उभा राहिलेलोच नाही. ती म्हणाली, "तुम्ही त्या बसने शेवटचं कधी गेला होता?" मी म्हटलं, जरा सुई द्या बरं खाली पडलेली. सुई माझ्या हातातच होती.

ती हसली नाही, तेवढं तिचं चांगलं. तिने कागदावरची ती जागा रिकामी ठेवली आणि म्हणाली, "आत्तापर्यंत जेवढ्या मुलांना विचारलं, सगळे म्हणाले बस उत्तम आहे. बाकीच्यांसाठी." आणि तिचा थांबा आला, ती उतरून गेली.

असो. शिकलेल्या मुलींना बोलायची सवय असते, मी मनावर घेतलेलं नाही. त्या रात्री फक्त झोप जरा उशिरा लागली, पण ते चहामुळे. माझं मत आहे तसंच पक्कं आहे. पायी चालणं उत्तम, सायकल उत्तम, बस तर सर्वात उत्तम. धाकटीला समजावून सांगा. तिने ऐकलं नाही तर हे पत्र वाचून दाखवा, खांबाचा भाग सोडून. किल्ली माझ्या गळ्यात आहे आणि तिथेच राहील. विषय संपला.

मामींना आणि आईला माझा नमस्कार सांगा, स्वतः गुडघ्याला शेक घ्या, आणि कुंपणाचं भांडण मी आल्याशिवाय पुढे नेऊ नका.

तुमचा आज्ञाधारक (एक गोष्ट सोडून)
भाचा

ता. क. पत्र पाकिटात घातलं होतं, परत काढलं. डेपोतल्या त्या ड्रायव्हरचा मेव्हणा आपल्या बाजूच्या रस्त्यावर बस चालवतो असं निघालं. मी सहज त्या मेव्हण्याला फोनवर विचारलं, नुसती माहिती म्हणून. तो म्हणाला, संध्याकाळची बस आता आपल्या थांब्यापर्यंत येतच नाही, मोठ्या रस्त्यावरूनच परत फिरते. म्हणजे तिथून घरापर्यंतचा सगळा रस्ता अंधारात चालत. हे तुम्हाला माहीत होतं ना? मग पत्रात कुंपणाच्या आधी ते लिहायचं होतं. आणि दिवा नाहीये थांब्यावर. ते पण विचारून घेतलं.

आणखी एक. तिला मोटारसायकल चालवता येते असं तुम्ही लिहिलंत आणि परवानाही काढला म्हणालात. शिकवली कुणी आणि कुणाच्या गाडीवर, ते लिहिलं नाहीत. गुडघ्याला कसं लागलं तेही लिहिलं नाहीत. आज शिवताना या दोन गोष्टी माझ्या डोक्यात आपोआप एकमेकींना जोडल्या गेल्या. मागे बसला होतात ना? मामा, या वयात!

आता ज्यासाठी हे पत्र लिहितोय ते. पत्राबरोबर एक पार्सल येईल, मोठं आहे पण हलकं आहे. त्यात काळीची नवी सीट आहे. सायकलच्या सिंहासनाचाच फोम लावलाय, पण या वेळी थर चढवले नाहीत, उतरवलेत. पुढचा भाग खाली घेतलाय आणि कडेने निमुळता केलाय, म्हणजे मांड्या फाकणार नाहीत आणि पाय सरळ खाली जातील. माझी जुनी सीट काढून ही बसवा. जुनी फेकू नका, जपून ठेवा, मी आलो की लागेल. नव्या सीटच्या खालच्या बाजूला मी एक छोटा खिसा शिवलाय, त्याचा टाका कच्चा आहे, ओढला की उसवेल. किल्ली त्यात आहे.

अटी वाचा. हेल्मेटशिवाय फाटकाबाहेर नाही. आणि मागची सीट रिकामी न्यायची नाही, कारण एका माणसासाठी एवढा धूर हे माझ्या तत्त्वात बसत नाही (तत्त्व मी सोडलेलं नाही, फक्त त्यात जागा केलीये). दवाखान्यात आपल्या बाजूच्या आणखी मुली असतीलच, त्यातली एक रोज मागे बसवून आणायची. आणि सुरुवातीला थोडे दिवस तुम्ही मागे बसा. मागची बाजू मी मुद्दाम जास्त मऊ केलीये आणि उजवीकडे थोडी वाढवलीये, गुडघा सुजलेला आहे त्या बाजूला. डावा गुडघा असेल तर लगेच कळवा.

तिला माझ्याकडून काही सांगू नका. मी हसलो होतो ते ती विसरली असेल तर आठवण करून देऊ नका. माप मी आठवणीने घेतलंय, चुकलंही असेल, मग सीट परत पाठवा, आणखी उतरवून देतो. फाटकाजवळ काळी उभी करा, स्टँड काढा, हँडल तुम्ही धरा आणि तिला वर बसवा. उलट टपाली बाकी काही लिहू नका, कुंपणसुद्धा नको. पाय टेकले का, एवढंच लिहा.